माणसाचा दोर

झाडावर चढायच्या आधी व्यंकटीनं छबूबाईपुढं उभं राहायचं, तोंड उघडायचं आणि हा करून श्वास सोडायचा. छबूबाई नाक पुढं करून हुंगायची. तंबाखूचा वास आला तर चालायचं. दारूचा आला तर ती दोर खाली टाकायची आणि फांद्या गोळा करणाऱ्या बायांत जाऊन बसायची. मग मुकादमानं कितीही डोकं आपटावं, त्या दिवशी व्यंकटी झाडावर जात नसे. नवराबायकोचं हे एकोणीस वर्षं चाललं. तेवढ्या वर्षांत दोर दोनदाच खाली पडला, आणि दोन्ही वेळा पहिल्याच वर्षी.

टोळीतला नागनाथ खोड्याळ. तो म्हणायचा, “मामा, बाजारात बैल बी दात दाखवायला एवढं तोंड उघडत न्हाई.”

छबूबाई दोराचं वेटोळं सोडता सोडता म्हणायची, “बैलाचा दोर सुटला तर बैल दुसऱ्याच्या जवारीत जातो. ह्यांचा सुटला तर कुठं जातेत, सांग बरं?”

मग कुणी हसायचं नाही. व्यंकटी तोंड मिटायचा आणि चढायला लागायचा.

महारुद्र मुकादमाची टोळी म्हणजे काही मोठा कारभार नव्हे. एक ट्रॅक्टर, एक ट्रॉली, दोन कटर मशिनी, चार-पाच दोर, आठ माणसं, आणि फांद्या वेचायला रोजानं येणाऱ्या गावोगावच्या बाया. गंगाखेडपासून पाथरीपर्यंत कुठं रस्ता रुंद व्हायचा असला, विजेच्या तारांत लिंब घुसला असला, वठलेलं झाड कुणाच्या पत्र्यावर कलंडलं असलं की महारुद्रचा फोन वाजायचा. रानातलं झाड पाडायला अक्कल लागत नाही. बुडाला मशीन लावली, दोर ओढला, झाड आडवं. अक्कल लागते घराला खेटून उभ्या असलेल्या झाडाला. ते आडवं करता येत नाही. ते शेंड्यापासून खाली, फांदी फांदी करून उतरवावं लागतं. तिथं व्यंकटी लागायचा.

अशा झाडाला दोन दोर असतात. एक फांदीचा, एक माणसाचा. फांदीचा दोर जाड. तोडायच्या फांदीला तो बांधायचा, वरच्या बेचक्यातून खाली सोडायचा, आणि चार गड्यांनी धरून तुटलेली फांदी हळूहळू भुईला टेकवायची. माणसाचा दोर त्याहून बारीक. तो चढणाऱ्याच्या कमरेपासून निघतो, त्याच्या डोक्यावरच्या बेचक्यातून वळतो आणि खाली एकाच माणसाच्या हातात येतो. वरचा पुढं सरकला की खालच्यानं ढील द्यायची, मागं आला की दोर खेचून घ्यायचा. मशीन सुरू झाली की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. म्हणून सगळं बोलणं दोरातून. एक झटका म्हणजे ताण. दोन झटके म्हणजे ढील, आणि ती तिथल्या तिथं, इचार न करता.

माणसाचा दोर घरच्याच हातात द्यायचा, हा महारुद्रच्या बापाच्या वेळेपासूनचा कायदा. बापानं एकदा रोजानं आणलेल्या गड्याच्या हातात दोर दिला होता. गड्यानं तंबाखू मळायला एक हात मोकळा केला आणि नेमका तवाच वरच्याचा पाय निसटला. तेव्हापासून बायको, भाऊ, नाही तर बाप. ज्याला घरचा हात नाही त्यानं चढायचं नाही. त्यानं खाली फांद्या ओढायच्या.

व्यंकटी आणि छबूबाई आधी ऊसतोडीला जायचे. नवराबायको मिळून एक कोयता. पोरीची, राजेश्रीची, शाळा बुडायला लागली म्हणून त्यांनी ऊस सोडला आणि महारुद्रच्या टोळीत आले. छबूबाईला दोर व्यंकटीनंच शिकवला. राणीसावरगावात त्यांच्या दारापुढं लिंब आहे. त्याच्या आडव्या फांदीवरून त्यानं दोर टाकला, एक टोक तिच्या हातात दिलं, एक आपल्या. तिच्या डोळ्यावर आपली दस्ती बांधली. झटका द्यायचा आणि विचारायचं.

“किती?”

“एक.”

“आता?”

“दोन. न्हाई, दीड.”

“दीड झटका कोण्या बापानं दिला व्हता गं तुला?”

“तुमीच दिलाव. हात थरथरायलाय तुमचा. कालची उतरली न्हाई आणखी.”

व्यंकटीनं तिच्या डोळ्यावरची दस्ती सोडली आणि तिच्याकडं बघतच राहिला. ती बरोबर बोलली होती. तोंड हुंगायची रीत त्या दिवसापासून लागली.

चार दिवसांत ती दोर शिकली. चार वर्षांत अशी मुरली की वर त्यानं कोणत्या पायावर भार दिलाय ते तिला खाली तळहातात कळायचं. तो भ्यायलाय, का दमलाय, का नुसताच इचार करत थांबलाय, तेही कळायचं. तोंडानं दोघांचं बोलणं बेताचंच. भांडण झालं की आठ-आठ दिवस बंद. पण दोरातलं बोलणं कधी बंद पडलं नाही. टोळीत नवा गडी आला की महारुद्र त्याला आधी छबूबाईचे तळवे दाखवायचा. “बघ. हेला दोर धरणं म्हणतेत.” तळव्यांना गाईच्या खुरासारखे घट्टे होते, आणि छबूबाईला त्यांची लाज वाटत नव्हती. उलट हात दाखवताना ती बोटं जरा जास्तच ताठ करायची.

मागच्या दिवाळीत ते हात गेले.

गेले म्हणजे तुटले-फुटले नाहीत. सकाळी उठली की बोटांना मुंग्या यायच्या. मग मुंग्या दुपारपर्यंत टिकायला लागल्या. मग मुंग्याही थांबल्या आणि बोटांत काहीच उरलं नाही. एकदा भाकर उलटताना बोटाचं पेर तव्याला चिकटलं. तिला ते चटक्यानं कळालं नाही, वासानं कळालं. भाकरीची कड थापताना बोटाखाली जाड-पातळ समजेना. भाकर एका अंगानं पापडासारखी, दुसऱ्या अंगानं जाड होऊ लागली.

“छबे,” व्यंकटी ताटात बघून म्हणाला, “भाकरीला बांध घातलास का काय?”

“पिठाची विरी गेलीय, चिकटत न्हाई. खायची तर खावा, न्हाई तर ठिवा.”

व्यंकटीनं खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तशीच आली, तिसऱ्या दिवशीही. मग त्यानं बोलायचं सोडून दिलं.

संक्रांतीच्या आधी गंगाखेडच्या बाजाराला गेली तेव्हा ती एकटीच दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरनं मनगटावर टिचक्या मारल्या, टाचणी टोचून बघितली. “मनगटात नस दाबली गेलीय, मावशी. लहानसं ऑपरेशन करावं लागेल. तोवर ओढायचं, पिळायचं काम बंद. किती दिवसांपासून आहे?”

“झाले असतील पंधरा दिस,” छबूबाई म्हणाली. झाले होते अडीच महिने.

चिठ्ठी तिनं घडी करून डाळीच्या डब्यात तळाला घातली. सांगायचं तर कुणाला सांगायचं? व्यंकटीला सांगितलं की त्याच दिवशी त्याचं झाड बंद. घरात दुसरा हात नव्हता. राजेश्री पाथरीकडं दिलेली, तिला तिचा संसार. बावन्न वर्षांचा व्यंकटी उद्यापासून नागनाथच्या हाताखाली फांद्या ओढणार, आणि नागनाथ वर चढून त्याला सांगणार, मामा ती उचला, मामा ही बाजूला घ्या. महिनाभरात तो पुन्हा बाटलीला तोंड लावणार, हे तिला लिहून दिल्यासारखं दिसत होतं. आणि दुसरं एक होतं. ते ती मनातसुद्धा पुरतं बोलत नव्हती. तिलाच दोर सोडवत नव्हता. फांद्या वेचणाऱ्या बाया झाडाखाली दहा असतात. माणसाचा दोर धरणारी एक असते.

हातानं कळेना, म्हणून ती डोळ्यांनी धरू लागली. मान वर करून व्यंकटीच्या पायांकडं टक लावून बघायचं. पाय पुढं गेला की ढील, मागं आला की ताण. मान आखडून जायची. तरी जमत होतं. माघ गेला, फागुन गेला. व्यंकटी रोज सकाळी तिच्यापुढं तोंड उघडत होता आणि ती हुंगत होती. तिचे हात मात्र कुणी बघत नव्हतं.

चैतात येलदरीच्या अलीकडं एका वस्तीवर लिंब उतरवताना दोर तिच्या मुठीतून निसटला. मूठ वळलेली तिला दिसत होती, पण आत पकड नव्हती. व्यंकटी दोन हात खाली आला आणि एका जाड फांदीला मिठी मारून लोंबकळला. वरून त्यानं तिची सगळी सोयरीक काढली. खाली उतरल्यावर म्हणाला, “झोपली व्हतीस का?”

“घाम आला व्हता हाताला. घसरला.”

व्यंकटी जरा वेळ धापा टाकत उभा राहिला. मग खिशातून दस्ती काढून तिच्याकडं फेकली. “घे. पुसत जा मधून मधून.”

ती दस्ती हातात धरून ती उभी राहिली. त्यानं चार लाथा घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून तिच्या मनानं एकच भेव धरलं. दोर सुटंल. बाकी कशाचं भेव उरलंच नाही, आणि तिथंच सगळं चुकलं.

वैशाखात पाथरीच्या अलीकडच्या एका गावात शाळेच्या आवारातली चिंच उतरवायचं काम निघालं. जुनी चिंच, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. वळवाच्या वाऱ्यानं तिचा एक भाग चिरला होता आणि तो वर्गाच्या पत्र्यावर वाकला होता. शाळा भरायच्या आत ती काढायची होती. ऊन असं की हापशाच्या दांड्याला हात लावला तर चर्र व्हावं. हापसाही कोरडाच होता, फाल्गुनापासून पाणी नव्हतं.

व्यंकटीनं तोंड उघडलं. छबूबाईनं हुंगलं. “जावा,” ती म्हणाली.

ती हापशापाशी उभी राहिली, कारण तिथून वरचं बरं दिसत होतं. महारुद्र आणि तिघं गडी फांदीच्या दोरावर. नागनाथ पलीकडं खाली पडलेली लाकडं मशीननं कापत होता. त्याची बायको मालनबाई कोयत्यानं डहाळ्या साळत होती.

तीन फांद्या नीट उतरल्या. तोवर छबूबाईच्या हातांचं लाकूड झालं. दोर तळहातातून सरकताना तिला दिसत होता, पण दुसऱ्या कुणाच्या तरी हातातून सरकल्यासारखा. आता पत्र्यावरची मोठी फांदी राहिली होती. व्यंकटी तिच्या बुडाशी जाऊन बसला आणि वरचं पानांचं छप्पर असं मध्ये आलं की त्याचे पायही दिसेनासे झाले. नुसतं तोंड दिसत होतं.

दोर सुटंल. सुटणार. तिच्या डोक्यात दुसरं काही येईना.

तिनं हातातल्या दोराचं मागचं टोक हापशाच्या उभ्या पाइपाला गुंडाळलं आणि गाठ मारली. उसाच्या ट्रॉलीला मारतात ती गाठ, जितकी ओढ बसंल तितकी आवळत जाणारी. तिच्या मुठीपासून हापशापर्यंत दोन हात मोकळा दोर ठेवला. हात सुटला तर गाठ धरील, एवढाच तिचा हिशेब. ही एवढी एक खांदी उतरूस्तोवर. मग सोडून टाकू.

माणसाचा दोर कशालाही बांधायचा नसतो, हे टोळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बांधलेला दोर माणूस धरतो खरा, पण त्याला ढील देता येत नाही. छबूबाईनं हे स्वतः किती जणांना सांगितलं होतं.

फांदी पाऊण कापली गेली आणि उभी चिरफाळली. चिंच कधी कधी असं करते. आडवी तुटायच्या ऐवजी लांबीत फाटते, आणि फाटलेलं बूड उसळी खाऊन कापणाऱ्याकडंच येतं. ते बूड फांदीच्या दोराला लटकून झोका घेत खोडाकडं निघालं. व्यंकटीनं ते येताना बघितलं. त्याला वाचायचा एकच रस्ता होता, झटकन चार हात खाली जायचं आणि बूड डोक्यावरून जाऊ द्यायचं. त्यानं फांदीवरून अंग सोडलं आणि दोराला दोन झटके दिले.

छबूबाईच्या हाताला ते झटके पोचले. तिला ते समजले नाहीत. पण पानांतून तिला त्याचं तोंड दिसलं, तिच्याकडं बघणारं. तिनं दोन्ही मुठी उघडल्या.

दोर दोन हात सरकला. हापसा खडखडला. दोर थांबला.

व्यंकटी नेमका तिथंच लटकला जिथं बूड येणार होतं. आवाज काहीच आला नाही, नागनाथची मशीन चालू होती. बूड व्यंकटीच्या मांडीवर आणि खुब्यावर आलं आणि त्याला खोडावर दाबलं, एवढं फक्त दिसलं.

महारुद्र आणि गडी फांदीच्या दोरावर ओणवे झाले. त्यांनी सोडलं असतं तर फांदी व्यंकटीला सोबत घेऊन पत्र्यावर गेली असती. त्यांनी ती कशीबशी मागं खेचली आणि तशीच धरून ठेवली. व्यंकटी दोराला लोंबकळत राहिला. त्याला खाली घ्यायचं तर गाठ सोडायला पाहिजे होती. छबूबाई गाठीला दात लावून बसली. बोटांचा उपयोग नव्हता आणि गाठ त्याच्या वजनानं दगड झाली होती.

मालनबाई पळत आली. तिनं गाठ बघितली, छबूबाईचं तोंड बघितलं. हापशाला पाय लावून तिनं दोर पुढून दोन्ही हातांनी धरला आणि कोयता पायानं छबूबाईकडं ढकलला. “मी धरलाय. तोडा तुमी.”

छबूबाईनं गाठीच्या अलीकडं दोर तोडला. मालनबाईनं व्यंकटीला खाली घेतलं.

चिंचेचा पाला अंथरून त्याला ट्रॉलीत निजवलं. महारुद्र घामानं ओलाचिंब, हात सोलपटलेले. तो छबूबाईपुढं येऊन उभा राहिला. “मामी, ढील दिली व्हती का?”

“दिली.”

“मग दोर काहून तोडला?”

“हापशात गुतला व्हता,” मागून मालनबाई म्हणाली. “म्याच तोडा म्हणलं.”

महारुद्र एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघायला लागला. तेवढ्यात ट्रॉलीतून व्यंकटी बोलला. आवाज खोल गेला होता, पण सगळ्यांना ऐकू आला.

“म्या झटकाच दिला न्हाई, महारुद्र. भ्यालो. सुधरलंच न्हाई काही.”

परभणीच्या सरकारी दवाखान्यात दोन महिने गेले. खुब्यात पट्टी, मांडीत गज. कुबडीनं परसाकडं जाता येईल, झाडाचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दोन महिन्यांत व्यंकटी बायकोशी पाणी दे, भांडं दे यापलीकडं बोलला नाही. झटक्याबद्दल तिनं विचारलं नाही. त्यानंही काढलं नाही.

आखाडात ते घरी आले. छबूबाई एकदा गंगाखेडहून औषधं घेऊन जीपनं परत येत होती. पुढं बसलेले दोघं बोलत होते. एक जण झाडांच्याच धंद्यातला.

“व्यंकटीसारखा गडी, अन झटका द्यायला इसरला म्हणं.”

“इसरला न्हाई, भ्याला. सोताच्या तोंडानं कबूल झालाय.”

“भेव शिरलं की खलास. मग त्यानं चढूच न्हाई.”

छबूबाई मागं औषधाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिचं नाव कुणी घेतलं नाही. गावाचा फाटा येईपर्यंत ती बाहेर तुरीकडं बघत राहिली.

श्रावणात एका सकाळी मालनबाई आली. बरोबर दोराचं वेटोळं. व्यंकटीची बाज लिंबाखाली टाकलेली असायची, तो तिथंच पडून होता. मालनबाई उंबऱ्यापाशी टेकली.

“नागनाथ चढणार हाय, मामी. महारुद्र म्हणला, दोर मामीकडनं शिकून ये.”

“शिकवते की.”

मालनबाई जरा घुटमळली. मग तिनं पिशवीतून काहीतरी काढून छबूबाईच्या हातात कोंबलं. “हे तुमचं. मामाला ट्रॉलीत घालायलेत तवा म्या मागच्या अंगानं कापून घेतलं. कुणाच्या नजरंस नको म्हणून.”

दोराचा तुकडा होता. मधोमध ती गाठ, अजून तशीच.

छबूबाईची बोटं मिटली, पण पकड बसली नाही. तुकडा खाली पडला आणि घरंगळत शेजारच्या बाजेखाली गेला. व्यंकटीनं हात लांबवून तो उचलला. त्यानं गाठ फिरवून बघितली, दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघितली.

“उसाची गाठ हाय,” तो म्हणाला. “पक्की मारलीय.”

“तीन महिने झाले. पडल्या पडल्या वर बघत म्या एकच इचार करायलोय. हापसा हादरलेला मला वरून दिसला व्हता. दोर बांधून तू सावलीला गेली व्हतीस का? का माझा कटाळा आला व्हता तुला?”

“हात गेलेत माझे.”

“काय?”

“हाताला कळत न्हाई काही. धरलेलं बी कळत न्हाई.”

“कवापासून?”

“दिवाळीपासून.”

व्यंकटी कोपरावर उठायला गेला, कळ आली तसा परत पडला. “नाक्यावरचा वड दिवाळीनंतर उतरवला. बाजारातला पिपळ. येलदरीचा लिंब. सगळ्यावर मी तुझ्या ह्या हातावर चढलो व्हतो?”

“व्हय.”

“अन रोज सकाळी माझं तोंड हुंगायचीस.”

लिंबावरून एक खारूटी खाली आली आणि माणसं बघून परत फिरली.

“सांगितलं असतंस तर?”

“तुमचं झाड बंद झालं असतं.”

“आता काय, मी चढायलोय का?” व्यंकटी हसला. हसणं चांगलं नव्हतं. मग एकदम थांबला. “भाकरी जाड यायलत्या. मी मूर्ख. पिठाची विरी म्हणलीस अन म्या बी म्हणलं, असंल.” तो गाठीकडं बघत होता. “का आता बी खोटं बोलायलीस? एकोणीस वर्स ज्या बाईनं दोर धरला, तिचे हात असे जातेत व्हय? म्या लोकांत भित्रा झालोय, छबे. घरात तरी मला खरं कळू दे.”

“खरंच सांगायले.”

“मालन, दोर टाक खांदीवर.”

मालनबाईनं आणलेला दोर लिंबाच्या त्याच आडव्या फांदीवरून टाकला. एक टोक व्यंकटीनं बाजेवर घेतलं. दुसरं टोक मालनबाईनं छबूबाईच्या हातात दिलं, दोन्ही मुठी वळवून. उशाखालची दस्ती व्यंकटीनं पुढं केली. “बांध डोळ्यावर. आवळून बांध.”

छबूबाईनं मान पुढं केली. डोळे बांधून झाल्यावर तिनं पाय रोवले, कमरेत जरा वाकली, एकोणीस वर्षं उभी राहायची तशी उभी राहिली. कुणीही बघितलं असतं तर म्हटलं असतं, ह्या बाईच्या हातात जीव द्यावा.

व्यंकटीनं एक झटका दिला.

छबूबाई तशीच उभी.

त्यानं दोन झटके दिले, लागोपाठ. दोर फांदीवर करकरला. मालनबाईनं तोंड उघडलं तसं व्यंकटीनं ओठावर बोट ठेवलं. छबूबाईनं मान थोडी तिरपी केली, कुणी लांबून हाक मारतंय का ते ऐकावं तशी. पण बोलली नाही.

व्यंकटीनं टोकाचा मनगटाला एक वेढा दिला आणि अंगातलं सगळं बळ एकवटून ओढलं. दोर तिच्या मुठींतून निघाला, सळसळत वर गेला, फांदीवरून आला आणि बाजेपुढं ढीग होऊन पडला.

छबूबाईच्या दोन्ही मुठी वळलेल्याच होत्या, पोटापुढं, घट्ट.

“द्या की,” ती म्हणाली. “मी धरलाय.”